प्रतिसाद: गुणांक वाढला म्हणजे ज्ञान वाढलं असं नाही

वर मांडलेला मुद्दा असा, की व्हीएआयसी (कंपनी आपल्या बौद्धिक भांडवलातून, म्हणजे माणसं, त्यांचं ज्ञान आणि कार्यपद्धती यांतून, किती मूल्य निर्माण करते हे मोजणारा गुणांक) वाढला म्हणजे सरकारी कंपनीतलं जोखीम व्यवस्थापन फळाला आलं. मला हे धोक्याचं वाटतं. या गुणांकातला मानवी भांडवलाचा भाग म्हणजे मूल्यवृद्धी (उत्पन्नातून बाहेरून घेतलेल्या वस्तू-सेवांचा खर्च वजा जाता उरणारी रक्कम) भागिले एकूण वेतनखर्च. समजा मूल्यवृद्धी १५० आणि वेतन १००, तर गुणोत्तर १.५. निवृत्तांच्या जागा भरल्याच नाहीत, वेतन ८० वर आलं आणि मूल्यवृद्धी १४० झाली, की तेच १.७५! माणसं गेली, अनुभव गेला, आकडा मात्र सुधारला. शिवाय कंपनीच्या वस्तू-सेवांचे दर सरकार ठरवत असेल तर एका दरवाढीनेही मूल्यवृद्धी फुगते. त्यात कर्मचाऱ्यांच्या कौशल्याचा काही संबंध नसतो.

म्हणून जोखीम नोंदवहीत (कंपनीपुढच्या जोखमींच्या यादीत) ज्ञानगळतीची, म्हणजे माणसांबरोबर ज्ञान निघून जाण्याची, वेगळी नोंद हवीच. एकाच माणसाला येणारी कामं कोणती, तो येत्या ३६ महिन्यांत निवृत्त होतोय का, आणि लिहून ठेवलेली कार्यपद्धती दुसऱ्याने एकदा तरी प्रत्यक्ष वापरून पाहिली का? हा शेवटचा प्रश्न बहुधा सुटतो, कारण कागद तयार झाला की जोखीम ‘बंद’ दाखवली जाते. आणि नोंदीचा मालक विभागप्रमुख असावा, जोखीम कक्ष नव्हे. बदलीच्या वेळी ती नोंद लेखी हस्तांतरित व्हावी.