मदत हवी आहे : हँडहेल्ड (हातात धरून खेळायच्या) गेम कन्सोलच्या स्क्रीनवर हिरवा ठिपका (इंदूर)

नमस्कार मंडळी. माझ्या हँडहेल्डच्या एलसीडी स्क्रीनवर खसखशीहून बारीक हिरवा ठिपका आहे. काळ्या सीनमध्ये टक्क दिसतो, पांढऱ्यावर गायब. म्हणजे पिक्सेल मेलेला नाही, अडकलेला (एकाच रंगावर कायम पेटलेला) असावा. मेलेला असता तर पांढऱ्यावर काळा दिसला असता. स्क्रीनशॉटमध्ये येत नाही, म्हणजे दोष पॅनेलचाच. रंग भराभर बदलणारा व्हिडिओ रात्रभर चालवला, फरक शून्य. कापडाने दाबून बघायची हिंमत होत नाही.

वॉरंटी आहे, पण एका ठिपक्यासाठी बदलून मिळणार नाही, असं दुकानदार म्हणतो. ‘दुसऱ्या कंपनीचा घे’ हा सल्ला कृपया नको. दादा त्या दुसऱ्या कंपनीचा चाहता आहे, त्यावरून घरात पुरेसं वाजलंय. मला हाच हवा, गेम्सचे सगळे सेव्ह (जिथवर खेळलोय त्याची नोंद) यातच आहेत.

इथल्या जेल रोडला (मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात) कुणी पॅनेल बदलून घेतलंय का? आणि बाहेर उघडला तर उरलेली वॉरंटी जाते का?