मेलफर्टचा आठवड्याचा अंदाज: गुरुवारी निघू की शनिवारी?

पहिला_हिवाळा:
नमस्कार मंडळी, ऑक्टोबरपासून आम्ही सास्कॅचेवानमधे मेलफर्टला आहोत, पहिलाच जानेवारी. धाकटा भाऊ सास्काटूनला मित्राकडे येऊन थांबलाय, त्याला गाडीने घेऊन यायचंय, हायवे ४१ ने साधारण पावणेदोनशे किमी. एन्व्हायरन्मेंट कॅनडाचा अंदाज असा आहे: सोम-मंगळ मायनस २० च्या आसपास, बुधवारी थोडा बर्फ आणि चक्क मायनस ८, गुरुवारी ऊन-ढग मायनस १५, मग शुक्र-शनि लख्ख ऊन पण रात्री मायनस ३६!! मला तर सरळ गुरुवार बरा वाटतोय, बायको म्हणते शनिवारी जा. कुणाचं ऐकू?

रिजायनाकर:
वहिनींचं ऐका 😄
गुरुवारच्या त्या गोंडस सूर्याच्या चित्रावर जाऊ नका, खाली अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. वायव्येचा वारा ताशी ५० किमी, झोत ७० असलं काहीतरी नक्की असेल. बुधवारची ऊब फुकटची नसते हो. रॉकीजच्या पूर्वेला कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं आणि सुसाट इकडे येतं, अल्बर्टा क्लिपर म्हणतात त्याला, बर्फ फार टाकत नाही पण ते पुढे सरकलं की मागून आर्क्टिकची हवा घुसते आणि ती वाऱ्यासकट येते. बुधवारी पडलेला भुसभुशीत बर्फ शेतांवर तसाच पडलेला, मधे अडवायला ना डोंगर ना झाडी, सगळा उडून रस्त्यावर. वर बघाल तर निळं आभाळ आणि समोर स्वतःच्या गाडीचं बोनेट दिसत नाही, हे मी पाहिलंय. ब्लिझर्ड वॉर्निंगसाठी, म्हणजे हिमवादळाच्या इशाऱ्यासाठी, नवीन बर्फ पडावाच लागतो असं नाही, वारा ताशी ४० किमीच्या वर आणि ४०० मीटरच्या पुढचं दिसत नाही असं चार तास राहिलं की झालं.

पहिला_हिवाळा:
बरोबर आहे, आत्ता उघडून बघितलं, वायव्य ५० झोत ७० च लिहिलंय 😳 मी आत्तापर्यंत फक्त चित्र आणि आकडा बघत होतो. पण मग ऊन पडलेल्या दिवशीच एवढी थंडी का, ढग असताना मायनस ८ आणि ऊन असताना मायनस ३६, हे उलटंच झालं ना?

विनिपेगची_ताई:
उलटं नाही रे, रात्रीचा हिशोब आहे तो. ढग म्हणजे जमिनीवरचं पांघरूण, ते गेलं की बर्फाची सगळी उष्णता सरळ वर निघून जाते, त्यात वारा पडलेला असला तर गार हवा खाली साचून बसते. सगळ्यात गार वेळ सूर्योदयाच्या आसपासची, आणि तुमच्याकडे घड्याळ वर्षभर बदलत नाहीत त्यामुळे जानेवारीत सूर्य उगवेपर्यंत नऊ वाजतात. म्हणून शनिवारी पहाटे निघायचा उत्साह नको, अकराच्या पुढे निघ.
आणि विंडचिलचा, म्हणजे वाऱ्यामुळे थंडी किती जाणवते त्याचा, आकडा तुझ्या कातडीसाठी असतो, गाडीला तो लागू नाही. वाऱ्याने इंजिन लवकर गार होईल एवढंच, हवेपेक्षा गार होणार नाही. कातडीचं मात्र खरंच बघ, विंडचिल मायनस ४० च्या खाली गेलं की उघडा कान किंवा गाल पाच-दहा मिनिटात गोठू शकतो. ग्लव्ह्ज नकोत, मिट्स घे (चारही बोटं एकाच कप्प्यात असतात ते), बोटं एकत्र राहिली की ऊब टिकते.

उत्तरेकडचा:
मी दोघांशी सहमत नाही, शनिवार पण काही सोपा नाहीये. मायनस ३६ ला गाडी बंद पडली आणि फोनची बॅटरी पण झोपली तर काय करणार? मंगळवारी जाऊन या, वारा नाही, बर्फ नाही, विषय संपला.

पहिला_हिवाळा:
मंगळवारी चारपर्यंत शिफ्ट आहे दादा. सुटल्यावर लगेच निघालो तर?

उत्तरेकडचा:
मग नको. सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो, पुढे सगळा अंधार आणि त्या पट्ट्यात हरणं, कधी मूस (घोड्याएवढं मोठं हरीण) पण रस्त्यावर येतात. शनिवारच घ्या मग, पण तयारीने. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, काच धुवायचं पाणी मायनस ४० वालं भरा, गाडीत ब्लँकेट, मेणबत्ती, काडेपेटी, फावडं ठेवा. अडकलात तर गाडी सोडून चालायला लागू नका. इंजिन चालू ठेवायचं असेल तर आधी सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ काढायचा, नाहीतर धूर आत येतो.

रिजायनाकर:
+१. आणि सहाव्या दिवसाचा आकडा आत्ता फार मनावर घेऊ नका, मायनस ३६ चं २९ होईल नाहीतर ३९. शुक्रवारी संध्याकाळी परत बघा, शनिवारी निघताना हायवे हॉटलाइनवर, म्हणजे प्रांताच्या रस्त्यांची स्थिती सांगणाऱ्या सेवेवर, ४१ चा रस्ता कसा आहे ते बघा. ब्लॉक हीटर (इंजिन गरम ठेवणारा, वायरने घराच्या प्लगला जोडायचा) निघायच्या तीन-चार तास आधी लावा, रात्रभर लावून बिल वाढवायची गरज नाही, टायमर मिळतो. सुरुवातीला टायर चौकोनी झाल्यासारखी गाडी दणदण उडेल, घाबरू नका, थोडं अंतर गेलं की नीट चालते.

विनिपेगची_ताई:
आणि निघताना वायर काढायची लक्षात ठेव! पुढच्या जाळीतून वायर लोंबतेय आणि साहेब चाललेत हायवेला, असे दर हिवाळ्यात दिसतात 😂