रुग्णवाहिकेतून संशोधनात: रुग्ण समोर नसण्याची सवय कशी होते?

प्रश्न: नऊ वर्षं रुग्णवाहिकेवर होतो, आता हृदय बंद पडण्यावरच्या संशोधनात आहे. दिवसभर फक्त आकडे. कुणाला हे जड गेलं का?

पहिलं उत्तर: मला खूप गेलं. पण जुना अनुभव नोंदी वाचताना कामी येतो. सीपीआर (छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं) सुरू झाल्याची वेळ १०:०५, १०:१० अशी गोल दिसली की मला कळतं, ती नंतर आठवून लिहिलीय. तेव्हा लिहिणाऱ्याचे दोन्ही हात रुग्णाच्या छातीवर होते. म्हणून मी वेळा डिफिब्रिलेटरमधून (हृदयाला विजेचा झटका देणारं, वेळ नोंदवणारं यंत्र) घेते. (त्याचं घड्याळ आधी तपासा!)

दुसरं उत्तर: ब्रिटनमधली २०१८ ची अ‍ॅड्रेनालिन चाचणी वाचा; हृदय बंद पडल्यावर देतात ते हे औषध. ८,०१४ रुग्ण. ३० दिवसांनी जिवंत: औषध मिळालेल्यांत ३.२ टक्के, प्लासिबो (औषध नसलेलं इंजेक्शन) गटात २.४, मेंदूचं कार्य चांगलं राहिलेल्यांत मात्र ठोस फरक नाही. इंजेक्शन देणारे पॅरामेडिकच होते, म्हणजे आपल्यासारखे रुग्णवाहिकेवरचे लोक.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. उद्या घड्याळांपासूनच सुरुवात करतो.