शेवग्याच्या ओळींमध्ये खुळखुळा पेरला, तर तो कधी गाडावा?

नमस्कार. बार्शी तालुक्यातील आमच्या हलक्या, मुरमाड जमिनीत शेवगा आहे. शेवग्याच्या फुलांवर मधमाश्या येतात, परंतु परागीभवनाचे काम मोठे काळे भुंगे अधिक चांगले करतात. त्यांचा वावर वाढावा आणि जमिनीलाही नत्र मिळावे, म्हणून बांधावर आपोआप उगवणारा खुळखुळा (क्रोटॅलेरिया रेटुसा) येत्या पावसाळ्यात दोन ओळींमधील पट्ट्यांत पेरण्याचा विचार आहे.

ही वर्षायू रानवनस्पती तागाची जवळची नातेवाईक. पिवळ्या फुलावर भुंगा बसला की त्याच्या वजनाने खालची पाकळी दबते आणि आतले पराग त्याच्या पोटाला लागतात. लहान माश्यांना हे सहसा साधत नाही. बांधावरचे एक रोप उपटून मुळांवरच्या गाठी कापून पाहिल्या, त्या आतून गुलाबी निघाल्या, म्हणजे नत्र स्थिरीकरण (हवेतला नत्र मुळांच्या गाठींत साठवणे) चालू आहे.

अडचण गाडणीच्या वेळेची आहे. हिरवळीच्या खतासाठी ताग पेरणीनंतर साधारण ४५ ते ५० दिवसांनी, फुलोऱ्याच्या सुमारास गाडतात, कारण पुढे खोडात वाख (चिवट धागे) तयार होऊन ते लवकर कुजत नाही. खुळखुळ्याला हाच नियम लावला, तर ज्या फुलांसाठी एवढा खटाटोप, तीच मातीत जातील. म्हणून एकाआड एक पट्टा गाडावा आणि उरलेला फुलू द्यावा, असे वाटते. कोणी असे करून पाहिले आहे का?

बी कठीण कवचाचे असल्याने उगवण मागेपुढे होते. पॉलिश पेपरवर घासावे की गरम पाण्यात भिजवावे? त्यानंतर चवळी गटाचे रायझोबियम (मुळांवर गाठी करणारे जिवाणू) चोळणार आहे.

खरी काळजी मात्र विषाची आहे. या झाडातील, विशेषतः बियांतील, मोनोक्रोटॅलिनमुळे जनावरांचे यकृत खराब होते आणि झाड वाळले तरी विष जात नाही. (याच गटातील द्रव्यांसाठी ब्लू टायगर फुलपाखरांचे नर वाळक्या फांद्या चोखत बसतात; मला स्वतःला हे पाहायला फार आवडते.) आमच्या शिवारात सुगीनंतर मेंढ्यांचे कळप उतरतात. तेव्हा फुललेला पट्टा शेंगा भरण्याआधी कापून तिथेच मातीआड करणे पुरेसे ठरेल, की कळप येणाऱ्या शिवारात खुळखुळा टाळून सरळ तागच पेरावा? शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्यांनी आपला अनुभव अवश्य लिहावा.