टाकळ्याची पावडर करून विकावी का?

कातळसडा:
पहिल्या पावसानंतर देवगड-राजापूरकडे रस्त्याच्या कडेने टाकळा ही रानभाजी नुसती माजते. बायका ती खुडून बाजारात जुड्या लावतात, आणि जुडी कवडीमोलाने जाते. याच टाकळ्यात फ्लेव्होनॉइड्स ही वनस्पतींतली द्रव्यं आहेत, शिवाय क्रायसोफॅनॉल, इमोडिन यांसारखी अँथ्राक्विनोन्स गटातली द्रव्यं आहेत. अर्काची अँटिऑक्सिडंट क्षमता, म्हणजे पेशींना इजा करणारे फ्री रॅडिकल्स निवळण्याची ताकद, प्रयोगशाळेत दिसलेली आहे. शेवग्याच्या पाल्याची पावडर खपते, मग टाकळ्याची ‘अँटिऑक्सिडंट पावडर’ बचतगटांनी का विकू नये? माझं मत, विकावी.

गाज:
माझा विरोध. ‘क्षमता दिसली’ म्हणजे काय, ते आधी पाहू. पाल्याचा अर्क, बहुधा मिथेनॉलमध्ये काढलेला, डीपीपीएच नावाच्या गडद जांभळ्या द्रावणात घालतात. जांभळा उतरून पिवळा रंग आला की अर्काने फ्री रॅडिकल्स निवळले असं धरतात. हे सगळं काचेच्या नळीत. पोटात गेल्यावर आतडं आणि यकृत या द्रव्यांचं रूपच पालटतात, मूळ रूपात रक्तात फार थोडं पोचतं. खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेच्या अशा आकड्यांची यादी अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकली, कारण कंपन्या ते आकडे जाहिरातीत मिरवत होत्या.

फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्यांना बीटा-कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या देऊन पाहिल्या. १९९४ मध्ये निकाल आला: फुप्फुसाचा कर्करोग कमी झाला नाही, उलट १८ टक्क्यांनी जास्त आढळला.

कातळसडा:
म्हणून प्रयोगशाळेला मोडीत काढायचं? नंदुरबारचे मनसुख वाणी आणि मन्रो वॉल या रसायनशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळं केलं. तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात आहे. त्यातून कर्करोगावरची औषधं झाली.

गाज:
झाली, पण नव्वदच्या दशकात. मूळ द्रव्य रुग्णांना दिलं तेव्हा मूत्राशयाला इतका त्रास झाला की चाचण्या थांबवाव्या लागल्या. पुढे रेणू बदलावा लागला. आणि मागणी वाढल्यावर नरक्याची तोड कशी झाली, तेही विसरू नका.

पावसाळी रानभाजी:
आम्ही मालवणात टाकळ्याचे कोवळे शेंडेच घेतो. कांदा, भिजवलेली डाळ, वर ओलं खोबरं. हंगामापुरतं खातो, रोज चमचा-चमचा नाही. अँथ्राक्विनोन्स रेचक असतात, सोनामुखीने पोट साफ होतं ते त्यांच्यामुळेच.

मला खरी भीती टाकळ्यासारख्याच दिसणाऱ्या कासविंद्याची आहे. दोन्ही रोपं कडेला शेजारी उगवतात. टाकळ्याच्या पानाला तीन जोड्या पर्णिका, टोकाशी गोलसर; कासविंद्याला जोड्या जास्त आणि टोकं अणकुचीदार. जुडीत हे हाताला कळतं, पावडरीत कोणाला कळणार? पश्चिम उत्तर प्रदेशात कासविंद्याच्या बिया खाऊन लहान मुलं दगावली आहेत. यकृत, स्नायू आणि मेंदू, तिन्हींवर आघात होतो.

कातळसडा:
मग खुडतानाच जाणत्या बाईकडून रोप तपासून घेऊ, वाळवण्याआधी पुन्हा निवडू. पण ताजी जुडी संध्याकाळपर्यंत कोमेजते आणि उरलेली फेकावी लागते, त्याचं काय? मला पावडर हवीच.

गाज:
पाकिटावर ‘वाळवलेली टाकळ्याची भाजी’ एवढंच लिहा आणि प्रत्येक खेपेची तपासणी करा, मग मी पहिला गिऱ्हाईक. ‘अँटिऑक्सिडंट’ छापलंत तर घेणार नाही आणि कोणाला घेऊही देणार नाही.