विषय: केपटाउन, सासू-सासरे, १८ ते २१ डिसेंबर – डोंगर आधी की बेट आधी?

मुग्धा (फोरवेज, जोहान्सबर्ग), सोमवार सकाळ

नमस्कार मंडळी,

घाईत लिहितेय. सांगलीचे आई-बाबा आमच्याकडे आलेत हे दिवाळी फराळाला आलेल्यांना माहीत आहेच. त्यांना घेऊन आम्ही १८ ला सकाळी साडेअकराला केपटाउनला उतरतो, २१ ला संध्याकाळी परत. रॉबेन आयलंडची, म्हणजे मंडेलांच्या तुरुंगाच्या बेटाची, तिकिटं १९ च्या सकाळी ९ ची काढून बसलेय. मंदारचं म्हणणं, टेबल माउंटन शेवटच्या दिवशी निवांत करू. ऑफिसातली एक केपटाउनची मुलगी म्हणते, शेवटच्या दिवशी अजिबात ठेवू नकोस, हवं तर बेटाची तारीख बदल. कोणाचं ऐकू? आईंचा उजवा गुडघा दुखरा आहे, फार चढ-उतार नको.

आणखी एक. बाबांना दोन समुद्र मिळतात तिथलं पाणी हवंय. त्यासाठी तांब्याचा गडू सांगलीहून आणलाय. थट्टा नाही, खरंच आणलाय.

मुग्धा

जयंतकाका, सोमवार दुपार

मुग्धा,

मी २०१९ मध्ये मंडळाच्या या ई-मेल लिस्टवर चार पानी माहितीपत्रक टाकलं होतं. कोणी जपून ठेवत नाही, मग दर डिसेंबरला हेच प्रश्न येतात. असो.

पहिला दिवस वॉटरफ्रंट. म्हाताऱ्या माणसांना उतरल्या उतरल्या पळवू नये. दुसरा दिवस बेट. तिसरा दिवस चॅपमन्स पीकच्या रस्त्याने केप पॉइंट, येताना सायमन्स टाउनचे पेंग्विन. चौथ्या दिवशी सकाळी टेबल माउंटन. मंदार बरोबर सांगतोय. मी सहा वेळा गेलोय आणि सहाही वेळा वर जाऊन आलोय. केबल कार पाच मिनिटांत वर नेते, डब्याची जमीन पूर्ण गोल फिरते, त्यामुळे खिडकीसाठी भांडण नको. गुडघ्याचा प्रश्नच येत नाही, वर फरसबंद वाटा आहेत.

जयंत

शिरीष (पूर्वी केपटाउन, आता मिडरँड), सोमवार संध्याकाळ

काका, सहाही वेळा तुम्ही ईस्टरला गेलात. एप्रिलची हवा वेगळी, डिसेंबरची वेगळी.

मुग्धा, डिसेंबरात तिथे आग्नेयेचा वारा सुटतो. गावातले लोक त्याला केप डॉक्टर म्हणतात, शहराची हवा साफ करतो म्हणून. तो एकदा लागला की दोन-दोन, तीन-तीन दिवस हटत नाही आणि केबल कार बंद. खाली लख्ख ऊन असतं, माणसं आइस्क्रीम खात असतात, आणि डोंगराच्या सपाट माथ्यावरून ढग पुरणपोळीवरच्या तुपासारखा कडेने ओघळत असतो. त्याला ते टेबलक्लॉथ म्हणतात. फोटोला सुंदर, वर जायला निरुपयोगी.

तेव्हा नियम एकच: डोंगर पहिल्या उघड्या दिवशी. १८ ला विमानतळावरून हॉटेल, बॅगा टाका, केबल कार चालू असेल तर तडक वर. डिसेंबरात सूर्य आठच्या सुमाराला मावळतो, वेळ भरपूर मिळतो. बेटाची तारीख बदलू नकोस, सुट्ट्यांत दुसरं तिकीट मिळायची मारामार होईल. तसं बोटही हवामानावर अवलंबून आहेच, पण तिची जास्त रद्दारद्दी हिवाळ्यातल्या वादळांत.

वर वारा वाढला की भोंगा वाजतो. वाजला की कॉफी तिथेच सोडून रांगेत उभं राहायचं. आम्ही एकदा कॉफी संपवत बसलो. शेवटी प्लाटेक्लिपच्या घळीतून पायी उतरलो. तीन दिवस जिने उलटे उतरत होतो.

शिरीष

नीलेश, सोमवार रात्र

टेबल माउंटन १०८६ मीटर. सिंहगड १३१२. उगीच कौतुक.

अनघाताई (चिटणीस), सोमवार रात्र

नीलेश, पुणं मुळात ५६० मीटरवर आहे, सिंहगड तिथून मोजायचा. टेबल माउंटन समुद्रातून सरळ उभा राहतो. आणि आपण जोबर्गकर साडेसतराशे मीटरवर राहतो. म्हणजे माझा गॅसचा ओटा टेबल माउंटनच्या माथ्यापेक्षा उंचावर आहे. म्हणूनच इथे तुरीची डाळ शिजत नाही. त्यावरून आठवलं, मंडळाचा १२ लिटरचा कुकर कोणाकडे आहे? गणपतीपासून गायब आहे.

वैशालीवहिनी, मंगळवार सकाळ

कुकर आमच्याकडे नाही, आधीच सांगते, गेल्या वेळी नाव आमच्यावर आलं होतं.

मुग्धा, केप पॉइंटला खाणं गाडीत दिसेल असं ठेवू नकोस. आमच्या वेळी मी शेंगदाण्याचे लाडू स्टीलच्या डब्यात मागच्या सीटवर ठेवले होते. ह्यांनी फोटोसाठी दार उघडं टाकलं. बबून आला, आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही, डबा उचलला आणि झाकण फिरवून उघडलं. फिरकीचं झाकण! आमच्या धाकट्याला ते आजही उघडता येत नाही. एकेक लाडू हुंगून खाल्ला. डबा तिथेच राहिला, लग्नातला होता.

पेंग्विनांपाशी लाकडी फळ्यांची वाट आहे, आईंना चालायला सोपी. वास मात्र सुकटीच्या बाजारासारखा येतो. आणि ओरडतात अगदी गाढवासारखे, बाबांना आधी सांगून ठेव.

जयंतकाका, मंगळवार सकाळ

वहिनींनी बबूनवर मेल खर्ची घातली, पण गडूचं कोणीच बोललं नाही. दोन समुद्र केप पॉइंटला मिळतात. तिथे उभं राहिलं की पाण्याचे दोन रंग स्पष्ट दिसतात. माहितीपत्रकात पान ३.

शिरीष, मंगळवार दुपार

काका, पान ३ चुकलंय. हिंदी महासागर आणि अटलांटिक यांची मानलेली सीमा अगुल्हासला आहे, केपटाउनहून आग्नेयेला, गाडीने अडीच-तीन तास. आफ्रिकेचं दक्षिण टोकही तेच. केप पॉइंटशेजारचं केप ऑफ गुड होप हे खंडाचं फक्त नैर्ऋत्य टोक आहे. रंगांचे पट्टे दिसतात ते ढगांच्या सावल्यांचे आणि फेसाचे.

पण केप पॉइंट चुकवू नका. तिथे दीपगृहं दोन आहेत, त्याची गोष्ट बाबांना सांग. जुनं माथ्यावर बांधलं, इतकं उंच की धुकं आणि ढग दिव्याच्याही खाली साचायचे आणि जहाजाला दिवाच दिसायचा नाही. १९११ मध्ये लुसिटानिया नावाचं पोर्तुगीज जहाज तिथल्या खडकावर आपटलं, तेव्हा जाग आली. १९१९ मध्ये नवं दीपगृह बरंच खाली बांधलं. पर्यटक चढतात ते जुन्यापाशी. डोंगरगाडी आहे, पण ती सोडते तिथून पुढेही पायऱ्या उरतातच. आईंनी खालच्या कठड्यापाशी बसावं, दृश्य तेच.

जयंतकाका, मंगळवार दुपार

पाच वर्षांत पान ३ बद्दल कोणी तक्रार केली नव्हती.

नीलेश, मंगळवार दुपार

काका, कोणी वाचलंच नव्हतं असं तुम्हीच वर म्हणालात.

मुग्धा, मंगळवार रात्र

बाबांनी सगळ्या मेल वाचून घेतल्या. खालचा मजकूर त्यांनी सांगितला, मी टंकला.

स. न. वि. वि.
आपण सर्वांनी घेतलेल्या तसदीबद्दल आभारी आहे. मी पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं काढली. आमच्याकडे कृष्णा-वारणेचा संगम हरिपूरला आहे. तिथेसुद्धा नेमकी रेघ दाखवा म्हणालात तर मला दाखवता येणार नाही, पावसाळ्यात तर नाहीच. तेव्हा अगुल्हासचा हट्ट नाही, त्यासाठी एक पूर्ण दिवस घालवू नये. शिरीषरावांना एकच विचारायचं आहे. २०१८ साली केपटाउनचं पाणी संपणार अशी बातमी आमच्या वर्तमानपत्रांत आली होती. आपण तेव्हा तिथे होतात का? माणशी किती लिटर मिळत होतं?
आपला, मुग्धाचे बाबा

शिरीष, मंगळवार रात्र

बाबा, नमस्कार. होतो. फेब्रुवारीपासून माणशी रोज ५० लिटर. आंघोळ दोन मिनिटांत, पायाखाली बादली, तेच पाणी संडासात. आमच्या इमारतीत लिफ्टमध्ये कोणाचे केस धुतलेले दिसले की बाकीचे बघायचे. न्यूलँड्सला डोंगराचा झरा आहे, तिथे डबे घेऊन रांगा. मी लातूरकडचा, बायको मुंबईची. तिला सगळं नवीन, मला सुट्टीत गावी गेल्यासारखं. नळ बंद व्हायची तारीख पुढे-पुढे ढकलत गेली आणि पावसाळ्यात पाऊस झाला. तिथला पावसाळा म्हणजे जून ते ऑगस्ट, थंडीत. मोठं धरण थीवाटर्सक्लूफ, गावापासून तासा-सव्वा तासावर.

वैशालीवहिनी, बुधवार सकाळ

धरण बघायला कोणी केपटाउनला जातं का? आईंचं कोण बघणार? त्यांना बो-कापला न्या. रंगीबेरंगी घरं, फोटो छान येतात, समोसे मिळतात. रोज दुपारी १२ ला सिग्नल हिलवरून तोफ उडते, रविवार सोडून. आईंना आधी कल्पना द्या, मी दचकून रस्त्यातच खाली बसले होते.

जयंतकाका, बुधवार सकाळ

बो-काप मलाय लोकांचं. भारतीय नव्हे. (पान २)

शिरीष, बुधवार दुपार

काका, डचांनी तिथे गुलाम म्हणून आणलेल्यांत जावा-सुमात्राकडचे होते, तसे बंगाल आणि मलबारचेही होते. मलाय हे सरसकट चिकटलेलं नाव. तिथली अव्वल नावाची मशीद १७९४ ची.

आणि आपली माणसं हवीत तर केपटाउनात कोकणी मुसलमान आहेत, रत्नागिरी-रायगडकडून आलेल्यांची तिसरी-चौथी पिढी. वर्णद्वेषाच्या कायद्याने भारतीयांना रायलँड्स या उपनगरात ढकललं होतं. तिथल्या एका दुकानात मी बायकोला मराठीत म्हणालो, ‘हे सुके बोंबील बघ.’ गल्ल्यावरचे म्हातारे चटकन वर बघून इंग्रजीत म्हणाले, ‘हा शब्द माझी आजी वापरायची.’ त्यांना मराठी येत नव्हतं. पण बोंबील, तवा, कोयता, पेज असे शब्द बोटं मोडत मोजून दाखवले. पैसे घेतले, पण पाव किलोऐवजी अर्धा किलो बांधून दिला. विमानात तो वास... जाऊ दे.

अनघाताई, बुधवार दुपार

यात भर घालते. नामदार गोखले १९१२ च्या ऑक्टोबरात केपटाउनलाच उतरले होते. पुढे जोबर्गच्या सभेत गांधींनी त्यांना इंग्रजी सोडून मराठीत बोलायला लावलं, कारण समोर कोकणी मुसलमान आणि थोडे महाराष्ट्रीय होते. हिंदुस्थानीत भाषांतर करायला स्वतः गांधी उभे. यांना कुठलं मराठी येतंय म्हणून गोखले हसले, पण बोलले मराठीत. मग पार झांजिबारपर्यंत अशा सभांत हाच शिरस्ता चालला. गांधींनी स्वतः हे लिहून ठेवलंय. महाराष्ट्र दिनाच्या भाषणात मी हे सांगितलं होतं, तेव्हा मागच्या रांगा वडापावच्या काउंटरपाशी होत्या.

कुकर?

नीलेश, बुधवार दुपार

वडापाव त्या वर्षी संपले होते, तो विषय काढू नका.

मुग्धा, बुधवार रात्र

ठरलं. १८ ला चालू असेल तर तडक डोंगर, १९ ला बेट, २० ला केप पॉइंट आणि पेंग्विन, २१ ला बो-काप आणि वर्णद्वेषाच्या काळात उठवलेल्या डिस्ट्रिक्ट सिक्स वस्तीचं म्युझियम. काका, रागावू नका, तुमचं माहितीपत्रक प्रिंट काढून घेतलंय. पान ३ सकट.

मुग्धा (केपटाउन), २० डिसेंबर रात्र

मंडळी, थोडक्यात.

१८ ला साडेतीनला वर पोचलो. आईंनी पूर्ण फेरी मारली, गुडघा विसरल्या. पंचवीस मिनिटांनी भोंगा. मंदार म्हणाला, एक फोटो. मी शिरीषचं नाव घेऊन ओढत आणलं. काल आणि आज दोन्ही दिवस केबल कार बंद.

काल बोट हलली, आईंनी आवळासुपारीवर निभावलं. तुरुंग दाखवणारे गृहस्थ स्वतः तिथे कैदी होते. मंडेलांची कोठडी बघायला रांग लागली होती. २७ वर्षांतली १८ त्या बेटावर, आणि खोली आमच्या सांगलीच्या न्हाणीघराएवढी. बाबा मात्र दुसरीकडेच अडकले. कैद्यांच्या शिध्याचा तक्ता लावलाय, वंशाप्रमाणे वेगळा. आशियाई कैद्याला जॅम, काळ्या कैद्याला नाही. बाबांनी खिशातली डायरी काढून तक्ता आकड्यांसकट उतरवून घेतला. बस खोळंबली, ड्रायव्हर काही बोलला नाही.

आज केप ऑफ गुड होपच्या पाटीखाली गडू भरला. बाबा धोतर नाही पण पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून उतरले, पाणी बर्फ, ओरडले ते पेंग्विनांपेक्षा मोठ्याने. गडू अर्धाच भरलाय. उरलेला अर्धा अगुल्हाससाठी राखून ठेवलाय म्हणे, म्हणजे पुन्हा येणार. आता झाकणाची गळती कशी थांबवू? कणीक लावून बघितली, सुटते.

वैशालीवहिनी, २० डिसेंबर रात्र

मेणबत्तीचं मेण लाव. वरून प्लास्टिकची पिशवी, दोन रबरबँड. बबून आले होते का?

जयंतकाका, २१ डिसेंबर सकाळ

आज केबल कार चालू आहे का, एवढंच कळव.

मुग्धा, २१ डिसेंबर सकाळ

हो काका. पहिल्या फेरीपासून चालू आहे. एक ढग नाही.

अनघाताई, २१ डिसेंबर सकाळ

कुकर सापडला. जयंतकाकांच्या गॅरेजमध्ये.