मदत हवी आहे : घराच्या वेळापत्रकात कोणतं काम कशावर अडतं?

मंडळी, गावच्या घरावर मजला चढवतोय. एक्सेलमध्ये प्रत्येक कामापुढे ‘याआधी काय संपायला हवं’ असा रकाना केलाय. भिंती, वायरिंगचे पाइप, प्लास्टर, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, मग फरशी, इथवर सरळ आहे.

अडलंय स्लॅबपाशी. आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे पीपीसी (राख वगैरे मिसळलेल्या) सिमेंटच्या स्लॅबला किमान १० दिवस पाणी मारायचं. दोन आधारांमधलं अंतर साडेचार मीटरपेक्षा जास्त असेल, तर स्लॅबखालचे टेकू ओपीसी (साधं सिमेंट) असेल तरी १४ दिवस ठेवायचे. आमचं पीपीसी, म्हणून जास्तच धरलेत. हे दिवस रविवार धरून मोजायचे, पण माझं एक्सेलमधलं ‘वर्कडे’चं सूत्र (फक्त कामाचे दिवस मोजणारं) सुट्ट्या वगळतं आणि तारीख उगाच पुढे सरकते. थांबण्याचे दिवस वेगळं काम म्हणून टाकू, की पुढच्या कामाच्या सुरुवातीत मिळवू?

दुसरा घोळ रंगाचा. रंगारी म्हणतो आधी फरशी, फरशीवाला म्हणतो आधी रंग! (दोघांनाही दुसऱ्याची घाण नकोय.) मला वाटतं रंगाचे दोन तुकडे करावेत : पुट्टी-प्रायमर फरशीआधी, शेवटचा हात नंतर. मग सुताराची दारं कुठे बसवायची? कुणाकडे असा तक्ता असेल तर कृपया टाका.